जेट स्कीची बॅटरी आणि आमच्या पाठीवरचा पंप



मराठी विभागासाठी लेख द्या अशी नोटीस लागली तेव्हा निम्म्या हॉस्टेलनं कविता दिल्या असणार. मी बॅटरीवर लिहिते आहे, तेव्हा ज्यांना कंटाळा येईल त्यांनी सरळ पुढच्या पानावरच्या चारोळ्यांकडे वळावं, राग नाही! शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे माझं सगळं विज्ञान इंग्रजीतून झालं. पण सुट्टीत गावी गेलं की काका जे विचारतात ते मराठीतून, आणि उत्तरही त्यांना मराठीतूनच लागतं. व्होल्टेज, करंट, कपॅसिटी हे शब्द परीक्षेत लिहिणं सोपं असतं, ओट्यावर बसून समजावून सांगणं अवघड. हा लेख म्हणजे तेच समजावणं आहे, थोडं नीट मांडलेलं.

माझं गाव डोंगरकडा, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली. नांदेडहून हिंगोलीकडे निघालं आणि अर्धापूर मागं पडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांनी केळी लागते. केळी, हळद, कापूस, सोयाबीन हा आमचा सगळा संसार. आणि या चारही पिकांना फवारणी चुकत नाही. केळीवर करपा, हळदीवर करपा, कपाशीवर बोंडअळी, सोयाबीनवर आणखी काहीतरी. त्यामुळे घरात एकवेळ फ्रीज नसेल, पण चार्जिंगचा पंप असतोच. सोळा लिटरची टाकी, खाली छोटी मोटर आणि तिच्या शेजारी १२ व्होल्ट, ८ ॲम्पिअर-अवरची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी. ही बॅटरी दरवर्षी मरते. मागच्या सुट्टीत काका म्हणाले, "अगं माय, एवढी इलेक्ट्रिकलला शिकायलीस, तर ही बॅटरी दरसाली का मरते ते सांग की. आन् ती लिथियमवाली बसवायलेत सगळे, ती कोणची घ्यावं?"

प्रश्न एका ओळीचा आहे. उत्तराला मला दोन महिने लागले, कारण मध्ये एक जेट स्की आली.

झालं असं की माझी रूममेट मालवणची. तिच्या दादाच्या ओळखीतल्या एकाकडे उभ्यानं चालवायची जेट स्की आहे. तारकर्लीला किंवा गोव्यात कळंगुटला आपण जिच्यावर बसून फोटो काढतो ती नव्हे. ती बसायची असते, स्कूटरसारखी. उभ्याची जेट स्की म्हणजे एकट्यानं चालवायची, मागे पाय ठेवायला एक अरुंद ट्रे आणि पुढे वर-खाली होणारी एक दांडी. खरं तर 'जेट स्की' हे कावासाकी कंपनीचं नाव, आणि १९७३ साली त्यांनी बाजारात आणली ती ही उभ्याचीच. त्यांच्या बसायच्या गाड्या नंतर आल्या. या उभ्याच्या गाडीत चालवणाऱ्याच्या अंगाच्या झोकावरच सगळा खेळ असतो, म्हणून शौकीन लोक तिच्यातला एकेक किलो कमी करायच्या मागे असतात. त्यात पहिला बळी जातो तो सहा-सात किलोच्या लेड-ॲसिड बॅटरीचा. तिच्या जागी दीड-एक किलोची लिथियम बसते.

रूममेट म्हणाली, "त्याच्याकडे एक जादाची पडली आहे. स्टिकरवर १८ ॲम्पिअर-अवर लिहिलंय. तुझ्या काकांच्या ८ वालीच्या दुपटीहून जास्त! ने की पंपाला." बारा व्होल्ट हीसुद्धा, बारा व्होल्ट तीसुद्धा. दोन्ही पाण्याजवळ चालतात, दोन्ही हादरे खातात, दोन्हीत वजन महत्त्वाचं. ऐकायला इतकं बरोबर वाटतं की आपल्या वर्गातले निम्मेजण हो म्हणतील.

तर मंडळी, इथेच खरा धडा आहे. बॅटरी निवडताना पहिला प्रश्न "लिथियम की साधी?" हा नसतोच. पहिला प्रश्न असतो, "हिनं काम काय करायचं?"

जेट स्कीच्या बॅटरीचं काम इंजिन चालू करणं. स्टार्टर मोटर समजा दीडशे ॲम्पिअर ओढते आणि तीन सेकंदांत इंजिन पेटतं. १५० गुणिले ३, म्हणजे ४५० ॲम्पिअर-सेकंद. त्याला ३६०० नं भागा. आलं ०.१२५ ॲम्पिअर-अवर. म्हणजे एवढा दणका देऊनही बॅटरीतून गेलं किती, तर एक अष्टमांश ॲम्पिअर-अवर! पुढे इंजिन चालू झालं की ते तेवढं परत भरून देतं. या बॅटरीला पोट मोठं लागत नाही, मनगट लागतं.

आता आमचा पंप. मी लॅबमधून मीटर नेऊन मोजलं (सरांना विचारून नेलं होतं, ही नोंद असावी). मोटर चालू असताना करंट ३ ॲम्पिअरच्या आसपास. बादलीत नोझल धरून घड्याळ लावलं तर मिनिटाला दोन लिटर. सोळा लिटरचा एक पंप आठ मिनिटांत रिकामा. आमच्याकडे एकरी दहा-बारा पंप लागतात, बारा धरू. १२ गुणिले ८ म्हणजे ९६ मिनिटं, सुमारे १.६ तास. ३ गुणिले १.६ म्हणजे ४.८. एक एकर फवारायला जवळजवळ ५ ॲम्पिअर-अवर लागतात, आणि मध्ये भरून द्यायला कुठलंही इंजिन नाही. इथे मनगट नको, पोट हवं.

मग ती १८ वाली आणखी चांगली नाही का? नाही! त्या स्टिकरचा फोटो मी मागवून घेतला. १८ च्या खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की हा आकडा लेड-ॲसिडशी तुलना करून काढलेला आहे. म्हणजे '१८ ॲम्पिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी जसं इंजिन चालू करते, तसं ही करेल' एवढाच अर्थ. आत खरी साठवण साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे ६ च्या आसपास. जेट स्कीवाल्याच्या दृष्टीनं यात फसवणूक काही नाही, त्याला इंजिन चालू झाल्याशी मतलब. पण फवारणाऱ्याला १८ म्हणून विकली तर ती शुद्ध थाप आहे.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. इंजिन चालू करण्यासाठी बनवलेल्या अनेक लिथियम बॅटऱ्यांत कमी व्होल्टेजला आपोआप तोडणारं सर्किट नसतं, कारण तिकडे बॅटरी पूर्ण रिकामी होण्याची वेळच सहसा येत नाही. पंपात ती रोज येणार. शेवटचे दोन तास राहिलेत म्हणून माणूस पंप घर्र घर्र करेपर्यंत चालवतो, आणि लिथियमचा सेल एकदा फार खाली गेला की तो पुन्हा भरणं धोक्याचं होतं. तिसरी गोष्ट, शेकडो ॲम्पिअर द्यायची ताकद असलेली बॅटरी आमच्या पंपाच्या पातळ वायरीला जोडली आणि कुठे शॉर्ट झालं, तर बॅटरी डगमगणार नाही, वायरच पेटेल. तीही पाठीवर. उलट बाजूनं बघितलं तर पंपासाठी बनवलेली लिथियम बॅटरी जेट स्कीत बसवली की स्टार्टचं बटण दाबताक्षणी तिचं संरक्षण सर्किट तिला बंद करेल, कारण ते दहा-पंधरा ॲम्पिअरसाठीच बनवलेलं असतं. समुद्रात हे घडलं तर वल्हंही नाही.

रूममेटला मी नाही म्हणाले. ती दोन दिवस रुसली, मग मॅगीवर मिटलं.

आता काकांच्या प्रश्नाचा पहिला भाग. जुनी बॅटरी मरते का? लेड-ॲसिडवर ८ लिहिलेलं असतं ते २० तासांच्या हिशेबानं, म्हणजे तासाला ०.४ ॲम्पिअर इतकं सावकाश काढलं तर ८ मिळतात. आपण काढतो ३. इतक्या वेगानं काढलं की हाती साडेपाच-सहाच येतात. त्यातले पाच एका एकराला गेले, म्हणजे प्रत्येक एकराला बॅटरी जवळपास तळ गाठते. लेड-ॲसिडला तळ गाठणं मानवत नाही, दोन-तीनशे वेळा असं झालं की ती थकते. पण आमच्या घरी वर्षाला तीनशे वेळा पंप चालतच नाही! मी काकांना विचारलं, फवारणी संपल्यावर पंप कुठे असतो? "माळवदावर. पुढल्या मिरगापर्यंत कोन बघतंय त्याच्याकडं." हे खरं कारण. रिकामी लेड-ॲसिड बॅटरी तशीच ठेवली की आतल्या प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक खडे जमतात आणि ते पुन्हा विरघळत नाहीत. बॅटरी कामानं मरत नाही, रिकाम्या पोटी झोपवल्यानं मरते. महिन्या-दीड महिन्यानं एकदा पूर्ण चार्ज केली असती तर जुनीच तीन वर्षं चालली असती. हे मी आधी सांगितलं, कारण ज्याला लिथियमचे दुप्पट-अडीचपट पैसे द्यायला जमत नाहीत, त्यानं निदान एवढं तरी करावं.

काकांचं म्हणणं पडलं की महिन्या-महिन्याला माळवदावर चढणं होणार नाही. ठीक आहे. मग लिथियम.

पण लिथियम म्हणजे काय, हेही एक नाही. लिथियम-आयन बॅटरी सोनीनं १९९१ मध्ये बाजारात आणली, आणि २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना याच कामासाठी मिळालं. त्यातल्या गुडइनफ यांच्या टेक्सास विद्यापीठातल्या प्रयोगशाळेतून १९९७ साली एक निबंध आला, लेखक पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ. नावं वाचून छाती फुगली की नाही? त्या निबंधातला पदार्थ म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, ज्याला दुकानात एल.एफ.पी. म्हणतात. दुसरा प्रकार निकेल-मँगनीज-कोबाल्टचा, एन.एम.सी. लॅपटॉपमध्ये बहुधा तो किंवा त्याचे भाऊबंद असतात. वजनाच्या मानानं एन.एम.सी. जास्त साठवते. एल.एफ.पी. थोडी जड, पण तिच्यातला ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे ती तापली तरी सहजासहजी आगीला इंधन पुरवत नाही. शिवाय ती दोन हजारांच्या घरात चार्ज-डिस्चार्ज सहन करते.

आमच्यासाठी याहून महत्त्वाचा फरक व्होल्टेजचा. एल.एफ.पी.चा एक सेल ३.२ व्होल्टचा, पूर्ण भरला की ३.६५. चार सेल ओळीनं जोडले की १२.८, पूर्ण भरून १४.६. एन.एम.सी.चा सेल ३.६-३.७ चा, पूर्ण भरून ४.२. तीन जोडले तर ११.१, पूर्ण भरून १२.६. चार जोडले तर १४.८, पूर्ण भरून १६.८. दुकानदार या तिन्हींना "बारा व्होल्ट लिथियम" म्हणतो आणि तिन्हींवर एकाच निळ्या प्लॅस्टिकचं वेष्टण असतं!

आता घरातला जुना चार्जर घ्या. तो लेड-ॲसिडसाठी आहे, साधारण १४.४ व्होल्टपर्यंत जातो. १४.४ भागिले ४ म्हणजे ३.६. एल.एफ.पी.च्या सेलला हे चालतं. १४.४ भागिले ३ म्हणजे ४.८. ज्या सेलची मर्यादा ४.२ आहे त्याला ४.८! हा एक भागाकार चौथीतल्या मुलाला येतो, आणि तो केला नाही तर घर जळू शकतं. आत संरक्षण सर्किट असतं म्हणून रोज दुर्घटना होत नाहीत, पण त्या सर्किटच्या भरवशावर चुकीचा चार्जर लावणं म्हणजे ब्रेक आहे म्हणून उतारावर गाडी न्यूट्रलला सोडणं. (माझं मत विचाराल तर एल.एफ.पी.लाही तिचाच १४.६ चा चार्जर घ्यावा. जुन्यांतले काही चार्जर खडे फोडायला म्हणून मधूनच जास्त व्होल्टेजचे झटके देतात.)

चार सेलवाल्या एन.एम.सी.चा धोका वेगळाच आहे, आणि तो दुकानात गुण म्हणून सांगतात: "पंप एकदम जोरात चालतो बघा!" चालणारच. जुनी बॅटरी पूर्ण भरून १२.७ देत होती, ही १६.८ देते, म्हणजे जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यानं जास्त. मोटर जोरात फिरते, प्रेशर वाढतं आणि नोझलमधून थेंब बारीक पडतात. बारीक थेंब पानावर बसत नाही, धुक्यासारखा हवेत राहतो आणि वाऱ्याबरोबर फवारणाऱ्याच्या तोंडावर येतो. आमच्या तालुक्याला पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा. तिथे २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. डोक्याइतकी वाढलेली कपाशी, औषधांची मिसळ, तोंडाला फडकं नाही, दमट हवा, अशी बरीच कारणं पुढे आली, आणि बॅटरीवरच्या पंपांच्या बारीक, दाट फवाऱ्याचीही तेव्हा चर्चा झाली. आमच्याकडे त्या वर्षी फवारायला माणसं मिळेनात. तेव्हा "जोरात चालतो" हे मला कौतुकाचं वाटत नाही. पंपाच्या मोटरवर १२ लिहिलंय, तिला १२ च्याच आसपास द्यावं.

उलट एल.एफ.पी.चा एक खरा फायदा दुकानदार सांगत नाही. लेड-ॲसिडचं व्होल्टेज पहिल्या पंपापासून बाराव्यापर्यंत उतरत जातं, माणसाच्या चालण्याचा वेग मात्र तोच राहतो. म्हणजे धुऱ्याजवळच्या पहिल्या तासांना औषध जास्त, शेवटच्या तासांना कमी. एल.एफ.पी. जवळजवळ शेवटपर्यंत १३ च्या आसपास राहते, त्यामुळे सगळ्या रानाला सारखं पडतं. याच गुणाची दुसरी बाजू अशी की पंपावरचे ते हिरवे-लाल दिवे लेड-ॲसिडच्या हिशेबाचे असतात. ते हिरवेच राहतात, आणि पंप एकदम रानाच्या मध्यात बंद पडतो. काकांना मी सांगितलं की दिवा बघायचा नाही, पंप मोजायचे. आणि बॅटरीबरोबर हातानंही चालणारा पंप असेल तर तो दांडा काढून फेकू नका.

किती मोठी घ्यायची? एकराला ४.८ लागतात. ६ ची एल.एफ.पी. घेतली तर एक एकर आरामात, थोडं शिल्लक. दिवसात दोन एकर करायचे असतील तर १२ ची, किंवा जेवणाच्या सुट्टीत चार्ज. पण आमच्या शेतात दुपारी लाईट असेलच हे कोणी सांगावं? म्हणून ज्यांचं रान जास्त त्यांनी १२ ची घ्यावी. आमची जमीन थोडी, आम्हाला ६ पुरते.

वजनाचं बोलायचं तर जुनी बॅटरी अडीच किलोच्या जवळपास, ६ ची एल.एफ.पी. पाऊण किलोच्या आत. पावणेदोन किलो कमी झाले. जेट स्कीवाला एवढ्यावर पार्टी देईल. पण आमच्या पाठीवर सोळा लिटर पाणीच सोळा किलोचं असतं, त्यामुळे काकांचा खांदा यानं बरा होणार नाही. "हलका झाला जरासा" एवढंच ते म्हणाले. मी तेवढ्यासाठी कोणाला लिथियम घ्या म्हणणार नाही.

वजन दुसऱ्याच कामाला येतं, खोटं पकडायला! ६ ॲम्पिअर-अवरचा एल.एफ.पी.चा गोल सेल, जाडजूड टॉर्चच्या सेलसारखा दिसतो तो, साधारण १४० ग्रॅमचा असतो. चार सेल म्हणजे ५६० ग्रॅम. सर्किट, वायर, वेष्टण धरून साडेसहाशे-सातशे. आता कोणी '१२ ॲम्पिअर-अवर' लिहिलेली बॅटरी हातात दिली तर ती किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा. १२ ला आठ सेल लागतात, म्हणजे नुसत्या सेलचंच वजन अकराशे ग्रॅमच्या वर. काटा सातशे दाखवत असेल तर ती ६ ची आहे, स्टिकर काहीही म्हणो. नांदेडच्या बाजारात मी दोन दुकानांत काटा मागितला. एका दुकानदारानं हसत दिला, दुसरा म्हणाला, "ताई, बॅटरी काय किलोवर घेता का?" तिथून आम्ही निघालो. वजनाशिवाय आणखी एक बघायचं: भारतीय मानक ब्युरोची खूण, आय.एस. १६०४६ हा क्रमांक आणि त्याखाली नोंदणीचा क्रमांक. जुन्या लॅपटॉपमधले सेल काढून वेष्टण चढवलेल्या मालावर हे नसतं, किंवा नुसतंच छापलेलं असतं. म्हणून खूण आणि काटा, दोन्ही.

संरक्षण सर्किट, म्हणजे बी.एम.एस., हॉस्टेलच्या रेक्टरसारखं असतं. सगळं नीट चाललं असताना त्याचा त्रास वाटतो. चारपैकी एकही सेल ३.६५ च्या वर गेला की ते चार्जिंग तोडतं, एकही २.५ च्या खाली गेला की मोटर तोडतं, शॉर्ट झालं तर सगळंच तोडतं. आणि चारही सेल एका पातळीवर आणतं, हे बॅलन्सिंग फार महत्त्वाचं. ओळीनं जोडलेल्या चारांत एक अशक्त असला की बाकीचे तिघं कितीही भरलेले असोत, काम त्या अशक्तापाशीच थांबतं. ज्यांनी चारजणांच्या ग्रुपमध्ये मिनी प्रोजेक्ट केलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. दुकानात विचारा, बॅलन्सिंग आहे का, आणि करंटची मर्यादा किती? आमच्या ३ ॲम्पिअरच्या मोटरला चालू होताना क्षणभर तिप्पट-चौपट लागतात, म्हणून १५ ची मर्यादा पुरेशी. त्याशिवाय बॅटरीपाशीच १० ॲम्पिअरचा फ्यूज मी स्वतः टाकला, मोटारसायकलला मिळतो तोच.

चार्जिंग कुठे करायचं यावर घरात वाद झाला. गावात लाईट रात्री येते, म्हणून सगळे रात्री लावून झोपतात. आणि दिवाळीनंतर आमच्या त्याच खोलीत छताला टेकेल एवढा कापसाचा ढीग असतो, ढिगाशेजारी प्लग, आणि ढिगावर आम्ही भावंडं लहानपणी झोपायचो. कापसाला ठिणगी पुरते. आता प्लग ओसरीत काढून घेतलाय, खाली शहाबादी फरशी, जवळ कापूस नाही, औषधाचे डबे नाहीत. चार्जर भरला की काढायचा. उन्हाळ्यात दुपारी पत्र्याखाली तर मुळीच चार्ज करायचं नाही. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४२-४३ अंश असतात, पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि या सेलना चार्जिंगची मर्यादा सर्वसाधारणपणे ४५ ची असते.

पाण्याचं जेट स्कीकडून शिकण्यासारखं आहे. तिथे खारं पाणी टर्मिनलना खातं, म्हणून ते लोक प्रत्येक जोडाला ग्रीस लावतात, वायर खाली झोळ देऊन मग वर नेतात, म्हणजे थेंब वायरीवरून घरंगळून जोडापर्यंत पोचत नाही, झोळातूनच गळून पडतो. आमच्या पंपात बॅटरी टाकीच्या अगदी खाली, आणि गळतं ते नुसतं पाणी नसतं, त्यात कॉपरचं औषध असतं. ते वीजवाहक, शिवाय तांब्या-पितळेच्या जोडांवर हिरवट थर चढवणारं. निळं वेष्टण म्हणजे वॉटरप्रूफ नव्हे, दोन्ही टोकांना ते उघडंच असतं. मी बॅटरी जाड प्लॅस्टिकच्या डब्यात बसवली, वायर बाहेर येते तिथे सिलिकॉन भरलं, झोळ दिला. चार्जिंगच्या भोकाचं रबरी बूच पहिल्याच हंगामात हरवतं, त्याला दोरीनं बांधलं. यात इंजिनिअरिंग काही नाही म्हणाल, पण बहुतेक बॅटऱ्या याच भोकातून मरतात.

एक गंमत सांगते. कोकणात पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात, म्हणजे जून ते ऑगस्ट जेट स्की झोपलेली आणि आमचा पंप जागा. हंगाम उलटे, पण झोपवायची पद्धत एकच. एल.एफ.पी. अर्धी भरून ठेवायची, पूर्ण नाही आणि रिकामी तर नाहीच, आणि तिची वायर पंपापासून सोडवायची. पंपावरचा तो छोटा व्होल्टमीटर चालू राहिला तर थेंबाथेंबानं सहा महिन्यांत तळ गाठतो. आमची आता माळवदावर जात नाही, देवघराशेजारच्या कोनाड्यात असते. आजी तिला हळद-कुंकू लावते, त्याला माझी हरकत नाही, टर्मिनलवर नको एवढंच सांगितलंय.

जुनी लेड-ॲसिड भंगारवाल्याला देऊन थोडे पैसे येतात. लिथियमचे भंगारवाला देत नाही, आणि म्हणून ती उकिरड्यावर जाते, तिथून कचरा पेटवला की फुटते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे वापरलेली बॅटरी परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकाची आहे. आम्ही घेतली त्या दुकानदाराकडून बिलावरच लिहून घेतलं की मेल्यावर तो परत घेईल. त्यानं आधी कुरकुर केली, मग लिहिलं. बिल काकांच्या ट्रंकेत सातबाऱ्याच्या प्रतीबरोबर आहे.

— तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी
मुलींचे वसतिगृह